वाळूचा भाव आणि विजेचा हिशेब

२०२३ साली महाराष्ट्र सरकारने वाळूचा भाव जाहीर केला: एका ब्रासला ६०० रुपये, वाहतूक वेगळी. लिलाव बंद झाले, सरकारी डेपोतून विक्री सुरू झाली. घर बांधणाऱ्या साध्या माणसाला परवडेल अशी वाळू मिळावी, हा हेतू चांगलाच होता. पण दोनच वर्षांत, एप्रिल २०२५ मध्ये, नवे धोरण आले. डेपो गेले, लिलाव परतले, आणि घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रास वाळू मोफत देण्याची तरतूद झाली. नांदेडच्या गोदाकाठी काय चालते ते स्थानिक वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. महसूल पथके तराफे जाळतात, इंजिनाच्या बोटी जिलेटिनने उडवतात, हायवा पकडतात. पंधरा दिवसांनी त्याच घाटावर नवे तराफे दिसतात. बोलणे होते ते वाळूमाफियांबद्दल. भावाबद्दल कुणी बोलत नाही.

आणि खरा प्रश्न भावाचाच आहे. ६०० रुपये हा आकडा वाळूच्या टंचाईतून निघालेला नव्हता, तो कागदावर ठरवलेला होता. खुल्या बाजारात त्याच ब्रासला काही हजार मोजावे लागत होते. सरकारी भाव आणि बाजारभाव यांत जेवढे अंतर, तेवढी कमाई मधल्या माणसाची. डेपोतली वाळू मोजकी आणि मागणारे अनेक, तेव्हा ती कोणाच्या पदरात पडणार हे ओळखीवर ठरते. लिलावातही पेच आहेच. अमुक हजार ब्रास काढायची परवानगी आणि त्यापोटी एकरकमी अमुक लाख. एकदा रक्कम भरली की पुढच्या प्रत्येक जादा ब्रासचा ठेकेदाराला पडणारा खर्च म्हणजे डिझेल आणि मजुरी. मोजमाप ढिले आहे हे सगळ्याच बोलीदारांना ठाऊक असते, म्हणून जादा उपसा गृहीत धरूनच बोली चढते. मग चढ्या बोलीने तिजोरी भरली म्हणून आनंद मानायचा, की नदी आगाऊ विकली गेली म्हणून काळजी करायची? हा प्रश्न पोलिसांचा नाही, तहसीलदारांचाही नाही. तो अर्थशास्त्राचा आहे, आणि अर्थशास्त्राच्या ज्या शाखेचा आहे ती खनिज आणि ऊर्जेच्या अर्थशास्त्राची शाखा नांदेड-लातूरच्या मुलांपर्यंत पोचलेली नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, म्हणजे नांदेडच्या विष्णुपुरीच्या परिसरात आणि लातूरच्या उपकेंद्रात, खनिज व ऊर्जा अर्थशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असावा. मुलांना परदेशी खाणकंपन्यांत नोकऱ्या लागाव्यात यासाठी नव्हे, लागल्या तर आनंदच आहे. तो असावा, कारण वाळू, खडी, वीज, इथेनॉल आणि सौर प्रकल्पांना दिलेली जमीन या पाच गोष्टींचे भाव या दोन जिल्ह्यांचे जगणे घडवतात, आणि त्यांतला एकही भाव इथे मोजला जात नाही.

यावर पहिली शंका ठरलेली आहे: इथे खनिज आहेच कुठे? कोळसा चंद्रपूरला, लोखंड गडचिरोलीला, मँगनीज भंडाऱ्याला. आपल्याकडे काळा दगड आणि काळी माती.

काळ्या दगडापासूनच सुरुवात करू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला जमिनीत ६१७ मीटर खोल भोक घेतले. वरचे सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट, खाली थोडा गाळाचा थर, आणि मग पायाभूत ग्रॅनाइटी खडक. लातूर त्या बेसाल्टवर उभे आहे. नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे, हा थर संपत जातो आणि जुना ग्रॅनाइटी खडक उघडा पडतो. उत्तरेला किनवट तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही श्रीमंती कळते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती कुणी दाखवलेली नसते.

त्याच भूकंपाने इथल्या खनिजाचा बाजारही बदलला. पांढऱ्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद माणसांच्या अंगावर कोसळले. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि दगडमातीच्या घरावरचा विश्वास सगळ्या मुलखातून उडाला तो कायमचा. पुढे घर म्हणजे सिमेंट, गज, खडी आणि वाळू. पूर्वी घराचा दगड गावच्या शिवारातून यायचा. आता वाळू गोदावरी-मांजरेतून टिप्परने येते, खडी क्रशरवरून येते. त्यात चौपदरी रस्त्यांची भर पडली, आणि प्रत्येक रस्त्यामागे मुरमासाठी एखादी टेकडी पोखरली गेली. कायदा या सगळ्याला गौण खनिज म्हणतो. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने त्याचे नियम करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. कोळशाचा भाव दिल्लीत आणि जगाच्या बाजारात ठरतो, आपण तिथे दुबळे. गौण खनिजाचा भाव मात्र मुंबईत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात ठरतो. म्हणजे आपल्या हातात असलेले खनिज हेच आहे, आणि त्याच्याकडेच आपण अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलेले नाही.

हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९३१ साली संपत जाणाऱ्या साधनसंपत्तीवर एक निबंध लिहिला. त्याचा गाभा असा: जमिनीत ठेवलेले खनिज ही बँकेत ठेवलेल्या रकमेसारखी मालमत्ता आहे. आज काढून विकण्यात फायदा की उद्यासाठी राखण्यात, हे व्याजदर आणि पुढचा भाव यांच्या तुलनेवर ठरते. वाळूला हा विचार लागू होतो का? पुस्तकी उत्तर 'नाही' असे आहे, कारण वाळू दर पुरात परत येते. पण वर जायकवाडी आहे, तिच्या खाली बंधाऱ्यांची माळ आहे, नांदेडच्या तोंडाशी विष्णुपुरी आहे. प्रत्येक भिंतीमागे गाळ आणि वाळू अडते. खाली येणारी वाळू घटते आणि उपसा वाढतो, तेव्हा जी वस्तू पुनर्निर्मित होणारी मानली होती ती प्रत्यक्षात संपणारी ठरते. तिचा भावही मग संपणाऱ्या वस्तूसारखा ठरवावा लागेल. शिवाय नदीतली वाळू पाणी धरते. ती गेली की काठच्या विहिरी उतरतात, आणि त्या विहिरींवरचा पंप जास्त खोलातून पाणी ओढतो. वाळूचा ब्रास विकला गेला त्याची पावती एका खात्यात, त्यामुळे वाढलेले विजेचे युनिट दुसऱ्या खात्यात. दोन्ही खाती एकत्र मांडणारा माणूस तयार करणे हेच या अभ्यासक्रमाचे काम.

विजेकडे वळू, कारण लातूरचा खरा प्रश्न तिथे आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा देशभर त्याची छायाचित्रे छापून आली. त्या रेल्वेच्या डिझेलचा खर्च सगळ्यांना दिसला. पण लातूर जिल्ह्यात रोज, कुणालाही न दिसता, याहून कितीतरी जास्त पाणी विजेवर वर येत असते, बोअरमधून. हिशेब करून पाहा. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला भौतिकशास्त्राच्या नियमाने ०.२७ युनिट वीज लागते. पंप, मोटार, पाइप मिळून कार्यक्षमता ४० टक्के धरली तर ०.६८ युनिट. आता एक एकर ऊस घ्या. पावसाखेरीज त्याला दीड मीटर पाणी द्यावे लागते असे धरू, म्हणजे सुमारे ६,००० घनमीटर. शंभर मीटर खोलीवरून ते उचलले तर ४,००० युनिटांच्या वर वीज जाते. युनिटमागे सात रुपये धरले तर २८,००० रुपये. एकरी ४० टन ऊस, त्याला २०२४-२५ च्या रास्त व किफायतशीर दराने, टनाला ३,४०० रुपयांनी, तोडणी-वाहतूक वजा न करता १ लाख ३६ हजार. म्हणजे उसाच्या किमतीचा पाचवा हिस्सा विजेचा, आणि तो शेतकऱ्याच्या वहीत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे. त्यासाठी राज्य वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार उचलते.

हे लिहिताना मला शेतकऱ्याविरुद्ध काही म्हणायचे नाही, हे स्पष्ट सांगतो. कोरडवाहू मराठवाड्यात ज्याच्या बोअरला पाणी लागले त्याने ऊस लावला, कारण खरेदीची हमी असलेले ते एकच पीक होते. सोयाबीनचा भाव वारंवार पडतो, तुरीचा कधी चढतो कधी कोसळतो, उसाचा दर कायद्याने ठरतो. त्याने चोख हिशेब केला, तो त्याच्या समोर असलेल्या भावांवर केला. चुकले आहेत ते भाव.

हाच हिशेब एक पाऊल पुढे न्या. टनामागे ७० लिटर धरले तर त्या ४० टनांतून २,८०० लिटर इथेनॉल होते. एका लिटरमागे पाणी उपसण्याचीच जवळपास दीड युनिट वीज. औष्णिक केंद्रात एक युनिट बनवायला साधारण तिप्पट उष्णतेचा कोळसा जळतो. म्हणजे लिटरभर इथेनॉलमध्ये जी उष्णता आहे तिच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता, शंभर मीटर खोल बोअरच्या बाबतीत, पाणी वर आणण्यासाठी आधीच कोळशाच्या रूपाने जळून गेलेली असते. हा हिशेब ढोबळ आहे. बगॅसवरची सहवीज यात धरलेली नाही. ती जमेला धरली तर बरीच तूट भरून निघते. मांजरेच्या कालव्यावरचा किंवा उथळ विहिरीवरचा ऊस असेल तर चित्र पुरते बदलते. मळीपासूनच्या इथेनॉलला सगळा भार लावणेही अन्यायाचे होईल, कारण त्यात साखरही निघालेली असते. नेमके म्हणूनच हे काम एका लेखाचे नाही. ते पाच-सहा प्रबंधांचे आहे, तालुकावार, खोलीवार, कारखानावार. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असा आकडा दिला आहे. तो देशाचा सरसकट आकडा झाला. औशाच्या बोअरचा आकडा वेगळा, रेणापूरच्या विहिरीचा वेगळा, आणि धोरणाला उपयोगी पडायचे असतील तर हे वेगळे आकडेच पडतील. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती उठवली. या उलटसुलट निर्णयांत कारखान्यांचे काय झाले ते आपण ऐकले. बोअरचे काय झाले ते कुणी विचारले नाही.

कोळसा आणि पाणी यांचे नाते शेजारच्या परळीने तर दोनदा दाखवले. २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळांत परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. ऊर्जेच्या पाठ्यपुस्तकात इंधन हा खर्च असतो आणि पाणी गृहीत असते. मराठवाड्यात लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात हा क्रम उलटा लागेल.

आता सूर्यावरची वीज आली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतकऱ्याची जमीन हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाड्याने घेतली जाते आणि भाडे दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढते. माळरान असलेल्या माणसाला ही रक्कम मोठी वाटते, आणि आज ती मोठी आहेच. पण महागाई साडेपाच टक्के धरली तर पंचवीस वर्षांनी त्या भाड्याची खरी किंमत आजच्या पंचावन्न टक्क्यांवर येते. कागदावर आकडा दुपटीहून मोठा होतो, त्यात येणारे सामान मात्र निम्म्याच्या आसपास. करार चांगला की वाईट हे मी इथे सांगत नाही; काही जमिनींसाठी तो निश्चितच चांगला आहे. पण वाढीचा दर तीन टक्केच का, महागाईशी का जोडलेला नाही, हे विचारायला गावात एक तरी माणूस असायला हवा. आणि दिवसा फुकट चालणारा सौर पंप जेव्हा रोज आठ तास बोअर ओढेल, तेव्हा भूजलाचे काय? विजेचा खर्च शून्य झाला की पाण्याच्या उपशाला उरलेला शेवटचा लगामही सुटतो. सौर पंपाला माझा विरोध नाही. रात्री दोनला पाणी द्यायला जाणारा आणि सर्पदंशाने मरणारा शेतकरी मला दिसतो. दिवसाची वीज त्याचा हक्क आहे. पण त्या विजेबरोबर पाण्याचा हिशेब आला नाही, तर दहा वर्षांनी सौर पॅनेल असेल आणि बोअर कोरडा असेल.

ऊर्जेचा पैसा गावात येतो तेव्हा तो कसा वाटायचा हे ठरलेले नसेल, तर ताकदवान माणूस ते ठरवतो. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा धागा त्यामागे असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. गुन्ह्याचा न्याय न्यायालय करील. पण पवनचक्क्या, सौर प्रकल्प, वाळू यांतून निर्माण होणारे जादा उत्पन्न कोणाचे, ग्रामपंचायतीचे किती, जमीनमालकाचे किती, राज्याचे किती, याचा नियम नसलेल्या जागेतच खंडणी शिरते.

हे सगळे नवे आहे असेही नाही. १८८६ साली, नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात असताना, त्या सगळ्या मुलखातल्या खनिजांचा ९९ वर्षांचा मक्ता लंडनच्या दोन गृहस्थांना देण्यात आला. त्यातून हैदराबाद डेक्कन कंपनी निघाली. कंपनीचे बहुतेक शेअर मक्तेदारांनीच पूर्ण भरलेले म्हणून स्वतःच्या नावे करून घेतले. निजामाच्या वतीने वाटाघाटी करणारा वरिष्ठ अधिकारी अब्दुल हक हाही त्यात वाटेकरी होता, आणि त्यानेच आपल्या सरकारला ते शेअर चढ्या भावाने विकले. प्रकरण इतके गाजले की १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने त्याची चौकशी केली. त्याच कंपनीच्या खाणींतून पुढे सिंगरेणी उभी राहिली. मला या कथेत लबाडीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दरबारात कर्जाचे, सैन्याचे, महसुलाचे जाणकार होते. खनिजाच्या मक्त्याची किंमत किती, हे स्वतंत्रपणे सांगू शकणारा एकही माणूस नव्हता. ज्याच्याकडे हिशेब होता तोच विकणाऱ्याचा भागीदार होता.

शंभर वर्षांनी महाराष्ट्राने दाभोळमध्ये तेच अनुभवले. १९९३ च्या डिसेंबरात एन्रॉनशी वीजखरेदीचा करार झाला, १९९५ मध्ये तो रद्द झाला, पुन्हा नव्याने झाला, आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्या कराराच्या आकड्यांत शिरून, क्षमतेचा आकार, इंधनाचा भाव, डॉलरची अट यांचा राज्याच्या विजेच्या दरावर काय परिणाम होईल हे जाहीरपणे मांडणारे जे मोजके लोक होते, त्यांत पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतले गिरीश संत आणि त्यांचे सहकारी होते. कुठल्याही विद्यापीठाने त्यांना हे काम दिलेले नव्हते. पुढे इचलकरंजीच्या प्रताप होगाडे यांच्यासारख्यांनी वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षे उभे राहून शेतीपंपांच्या नावावर दाखवलेल्या विजेच्या आकड्यांना आव्हान दिले. बहुतेक पंपांना विश्वासार्ह मीटर नाही. वितरणातली गळती आणि चोरी शेतकऱ्याच्या नावावर खपवली जाते, असा तो आक्षेप आहे. लातूरचा शेतकरी खरोखर किती वीज वापरतो, हे लातूरच्या विद्यापीठ उपकेंद्रातून एका फीडरवर वर्षभर मोजून सांगता येईल. ते सांगितले, तर त्याच्यावरचा एक जुना आरोप तरी खरा-खोटा होईल.

अशा कामाची आपली स्वतःची परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्यांचा अभ्यास केला आणि १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला. कालव्याने किती पाणी दिले एवढ्यावर ते थांबले नाहीत, कालव्यामुळे गावात किती उत्पन्न, किती रोजगार, किती व्यापार वाढला ते घरोघर विचारून मोजले. त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याच्या मागास भागांचा अनुशेष मोजला, आणि आकडा निघाला ३,१८६ कोटींचा. मराठवाड्याने तो शब्द आणि तो आकडा चाळीस वर्षे राजकारणात वापरला. पण अनुशेष मोजला पुण्याने. गोदावरीच्या कालव्यांचा अभ्यास केला तोही पुण्याने. आपण भाषणे केली. हे बोलताना मला वाईट वाटते, कारण नांदेडला १९५० पासून पीपल्स कॉलेजसारखी संस्था आहे, १९९४ पासून विद्यापीठ आहे, विद्यापीठात भूशास्त्राचे संकुल आहे, सामाजिक शास्त्रांचे संकुल आहे, आणि विष्णुपुरीतच श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. खडक जाणणारा, पैसा जाणणारा आणि मोटार जाणणारा, असे तिघे जवळजवळ एकाच आवारात बसतात. एका वर्गात मात्र ते कधी बसत नाहीत.

जगात हा विषय नवा नाही. पर्थचे कर्टिन विद्यापीठ आणि अमेरिकेतली कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स तो पदव्युत्तर पातळीवर शिकवत आले आहेत. पण त्यांचा अभ्यासक्रम उचलून इथे आणू नये. तिथे प्रश्न असतो सोन्याच्या खाणीचा, लोहखनिजाच्या निर्यातीचा, त्यात गुंतवलेले भांडवल किती वर्षांत परत येते याचा. इथला प्रश्न आहे घाटाचा, फीडरचा, बोअरचा. साधने तीच, सूट-दर तोच, जोखमीचे गणित तेच, उदाहरणे आपली. आपल्याला जवळचे आहे ते गोव्याचे प्रकरण. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या लोहखनिजाच्या विक्रीतला दहा टक्के हिस्सा कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितला. खनिज ही वडिलोपार्जित मालमत्ता आहे, ती विकून आलेला पैसा उत्पन्न म्हणून खाऊ नये, हा विचार गोवा फाउंडेशनसारख्या संस्थांनी लावून धरला होता. वाळूच्या महसुलाला हाच न्याय का लागू नये? गोदावरीच्या वाळूतून आलेल्या पैशाचा ठरावीक भाग नदीकाठच्या गावांच्या निधीत का साठू नये? २५ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की रॉयल्टी हा कर नव्हे, आणि खनिजहक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. राज्याच्या हातात मोठा अधिकार आला आहे. तो कसा वापरायचा हे सांगणारे विद्यार्थी कुठून येणार आहेत?

लातूरकर विचारतील, नोकरीचे काय? विचारणे रास्त आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी घडवलेल्या लातूर पॅटर्नने खेड्यातल्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची दारे उघडून दिली. त्याबद्दल मला आदर आहे. कोरडवाहू घरातली पहिली डॉक्टर मुलगी ही लहान गोष्ट नव्हे. पण सगळी बुद्धी दोन परीक्षांत ओतणाऱ्या जिल्ह्याला स्वतःच्या पाण्याचा आणि विजेचा हिशेब बाहेरून मागवावा लागतो, हेही खरे. या पदवीला आज जाहिरात निघत नाही. काम मात्र आहे: महावितरणमध्ये, नियामक आयोगापुढे बाजू मांडणाऱ्या ग्राहक संघटनांत, साखर कारखान्यांच्या सहवीज आणि आसवनी विभागांत, जिल्हा खनिकर्म कार्यालयात, सौर कंपन्यांत, त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांत, आणि वर्तमानपत्रांत. पहिल्या काही तुकड्यांना या जागा स्वतः उघडाव्या लागतील, हे त्यांना प्रवेशाच्या दिवशीच सांगावे.

एका भीतीचीही नोंद करतो. अभ्यासक्रम जाहीर होईल, दोन तासिका-तत्त्वावरचे प्राध्यापक नेमले जातील, झेरॉक्सच्या नोट्स निघतील, आणि तीन वर्षांनी प्रवेश शून्य म्हणून तो बंद होईल. मराठवाड्यात असे अनेकदा झाले आहे. ते टाळायचे तर वर्ग लहान ठेवावा, पंधरा-वीसांचा, आणि अर्धा वेळ वर्गाबाहेर काढावा. सांख्यिकी आणि भूशास्त्र दोन्ही सक्तीचे असावे, कला शाखेतून आलेल्यालाही. पहिले सत्र त्यासाठी पुरे खर्ची पडले तरी चालेल. शिकवणे मराठीत व्हावे आणि प्रबंधही मराठीत लिहिता यावा, कारण तो वाचणारा माणूस बिलोलीचा सरपंच आहे, निलंग्याचा ऊस उत्पादक आहे. प्रत्येक प्रबंध आणि त्यामागची मोजमापे विद्यापीठाने सगळ्यांसाठी खुली ठेवावीत.

आणि सुरुवातीला फार मोठे काही हाती घेऊ नये. केंद्राच्या जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला गौण खनिजाचा जिल्हा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो. कुठल्या घाटात किती वाळू आहे, पावसाळ्यानंतर किती परत येते, किती काढता येईल, हे त्यात असते. त्यावरच पुढचे लिलाव उभे राहतात. अहवालाचा मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांच्या सूचनांसाठी ठेवायचा असतो आणि आलेल्या सूचना विचारात घ्यायच्या असतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एका घाटाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पातळी मोजावी, मसुद्यातले आकडे आपल्या आकड्यांशी ताडून पाहावेत, आणि त्या २१ दिवसांत आपले लेखी म्हणणे नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल करून त्याची पोच घ्यावी.